गाडी सारखी, टायर सारखा, तरी भुसावळचा आला नाही

मार्चमधला रविवार, सकाळचे सात. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात मी पिवळा मार्कर आणि वही घेऊन टायरवरच्या खुणा तपासत होतो. गाड्या चौदा यायला हव्या होत्या, आल्या तेरा. न आलेली गाडी भुसावळच्या पोराची. टायरचा जो नियम मी त्या सकाळी तपासत होतो, तो जानेवारीत आम्ही त्याच्याच तक्रारीवरून केला होता.

हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण पुढच्या मोसमाच्या बैठकीत पुन्हा हाच वाद निघणार आणि तोवर प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीची झालेली असणार. दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो. जळगावात माझं टायरचं दुकान आहे आणि क्लबचा तपासनीसही मीच. विकणारा मी, तपासणाराही मीच. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात असू द्या.

क्लब, गाडी आणि उसाचं आवार

आपल्या देशात डांबरी सर्किट म्हटलं की चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध. खानदेशातून तिथे जायचं म्हणजे गाडी टेम्पोत घाला, दोन दिवस जा, दोन दिवस या. हायवेवर रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी केळीच्या ट्रकांमध्ये घुसून मरायची हौस आमच्यात कुणाला नाही. म्हणून हे आवार. गळिताच्या हंगामात जिथे उसाच्या बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, तिथला डांबरी रस्ता फिरून पुन्हा वजनकाट्यापाशी येतो. एक फेरी साधारण अकराशे मीटरची. नऊ वळणं, त्यांतली सात डावी. वजनकाट्याजवळ काँक्रीटचा पट्टा आहे, बाकी सगळं जुनं, घासून गुळगुळीत झालेलं डांबर. वळणांच्या बाहेर आम्ही केळीची खोडं रचतो. फुकट मिळतात, मऊ असतात, माणूस आदळला तर हाड मोडत नाही. एकच खोट: कुणी आदळलं की खोडातलं पाणी रस्त्यावर सांडतं आणि पुढच्या दोन फेऱ्या त्या वळणावर जगातला कुठलाही टायर उपयोगाचा नाही. चिक वाळला की काळा डाग राहतो, तो कपड्यावरचा जात नाही तसा डांबरावरचाही जात नाही.

गाडी सगळ्यांची एकच, यामाहा आर१५ ची तिसरी आवृत्ती. १५५ सीसी, वजन १४० किलोच्या आसपास, पुढे १००/८०-१७, मागे १४०/७०-१७. ही निवडली कारण सेकंडहँड मिळते आणि कॉलेजच्या पोरांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांकडे आधीच होती. इंजिनाला विजेच्या मीटरला असतं तसं तारेचं सील. सायलेन्सर कंपनीचाच. चेन-स्प्रॉकेटचे दात मोजलेले. चार-चारच्या तुकड्या, दहा फेऱ्या, नोव्हेंबर ते एप्रिल सहा रविवार.

एकाच गाडीची शर्यत ही काही आमची शोधबुद्धी नव्हे. टीव्हीएसची वन मेक स्पर्धा १९९४ पासून चालते, रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ साली सुरू झाला. पण तिथे गाडी कंपनी तयार करून देते. पोराने हेल्मेट घेऊन यायचं आणि बसायचं. आमच्याकडे गाडी ज्याची त्याची, पेट्रोल ज्याचं त्याचं आणि टायरही ज्याचा त्याचा. वहीच्या पहिल्या पानावर नियम होता तो असा: ‘टायर बाजारात मिळणारा, रस्त्यावर चालणारा, मापाचा. बाकी कोणताही.’

आता विचार करा. इंजिन बांधलं, सायलेन्सर बांधला, दात मोजले. मग ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा पैसा जाणार कुठे? पाटाचं पाणी सगळ्या बाजूंनी अडवलं की उंदराच्या बिळातून फुटतं. आमच्या नियमातलं बीळ टायरचं होतं.

तीन रविवार

सावद्याचा पोरगा केळी बागायतदाराचा. गाडी चालवतो मात्र खरंच सुंदर. वळणात गुडघा टेकवतो आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही. नोव्हेंबरात त्याने मऊ रबराची, पकड जास्त पण झीजही लवकर अशी स्पोर्ट जोडी घातली. डिसेंबरात मागचा नवा, जानेवारीत पुन्हा पुढचा-मागचा दोन्ही नवे. तीन रविवार, तीन मागचे टायर, दोन पुढचे. हिशेब मला तोंडपाठ आहे कारण बिलं माझीच आहेत.

भुसावळच्या पोराचे वडील रेल्वेत होते. तो त्याच गाडीवर सहा दिवस पार्सलं वाटतो, दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर. रविवारी त्याच टायरवर पंचवीस किलोमीटर चालवत यायचा, आरसे काढायचा, नंबर प्लेटला चिकटपट्टी लावून त्यावर आकडा लिहायचा आणि उतरायचा. हायवेवर सरळ चालून चालून मागचा टायर मधून सपाट झालेला. अशी गाडी वळणात झोपवली की त्या कडेवर येऊन एकदम पडल्यासारखी आत जाते. तरी तो दुसरा-तिसरा यायचा.

जानेवारीच्या रविवारी सावद्याची सरासरी फेरी ५७.३ सेकंदांची, भुसावळची ५८.७. फेरीमागे १.४. दहा फेऱ्यांत चौदा सेकंद, म्हणजे पुढचा डोळ्याआड.

एक गोष्ट तेव्हा कुणी बोललं नाही आणि मलाही उशिरा सुचली. सावद्याचा दर शर्यतीनंतर काढलेला टायर अर्ध्या किमतीत देऊन टाकायचा. पाचोऱ्याची दोन पोरं अख्खा मोसम त्याच्याच उतरलेल्या टायरवर खेळली आणि खूश होती. नाहीतर त्यांच्या ऐपतीत मऊ रबर कुठून येणार होतं? हे वाक्य विसरू नका, पुढे लागेल.

भरिताची बैठक

जानेवारीच्या शर्यतीनंतर बैठक झाली ती यावलकडे एका शेतात. थंडी होती, भरीत होतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी फुटेस्तोवर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, कळण्याची पुरी, कांद्याची पात. भरिताच्या वासात माणसं मनातलं बोलतात असा माझा अनुभव आहे.

भुसावळचा बोलला. “अण्णा, गाडी सारखी म्हणता ना? मग दर महिन्याला नवा टायर घालणारा आणि वर्षाला एक घालणारा सारखे कसे?”

सावद्याचा चिडला नाही. “नियमात बसतं तेच करतोय भो. माझं चुकत असेल तर नियम बदला, मी तोही पाळीन.”

त्याचं बरोबर होतं. नियमात बसून जिंकणाऱ्याला लबाड म्हणायची सवय आपल्याला फार आहे. लबाडी झाली असेल तर ती नियम लिहिणाऱ्याच्या आळसाची, आणि त्या पानावर अक्षर माझं आहे.

चोपड्याचे वकीलसाहेब आमच्यात वयाने आणि वजनाने सर्वांत मोठे, ९४ किलो. ते टीव्हीवर शर्यती पाहणारे. त्यांनी दाखले दिले. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेत २००८ साली यामाहाच्या एकाच संघात व्हॅलेंटिनो रॉसी ब्रिजस्टोनवर होता आणि होर्हे लोरेन्झो मिशेलिनवर. गाडी एक, गॅरेज एक, पण टायर दोन, म्हणून मधे भिंत घातली होती. पुढच्याच वर्षी, २००९ पासून, सगळ्यांना एकाच कंपनीचा टायर झाला. वर्ल्ड सुपरबाइक या दुसऱ्या जागतिक मालिकेत तर २००४ पासूनच सगळे पिरेलीवर. “तिथे जे कोट्यधीशांना परवडत नाही, ते आपल्याला परवडणार आहे का?” साहेबांनी पुरावा मांडून झाल्यासारखे हात झटकले.

दाखला जोरदार होता. त्यात काय निसटत होतं ते त्या रात्री कुणालाच दिसलं नाही. मोटोजीपीत टायर एकच करतात तेव्हा तो कंपनी पुरवते. कुणी तो टायर घालून सोमवारी पार्सलं वाटायला जात नाही.

तीन सूचना आल्या. आहे तसंच चालू द्यावं. गाडीसोबत आलेल्या जातीचाच टायर ठेवावा. किंवा एकच स्पोर्ट टायर ठरवून प्रत्येकाने मोसमाच्या उरलेल्या तीन रविवारांना एकच जोडी वापरावी. तिसऱ्याला नऊ मतं पडली. मऊ टायर निवडला, कारण बहुतेकांना एकदा तरी तो घालायचाच होता, हे खरं कारण. परदेशी जातीचा विषय निघाला आणि मिटला, कारण २०२० च्या जूनमध्ये केंद्राने टायर आयातीवर निर्बंध घातल्यापासून आमच्यासारख्यांना ते माप मिळवणं म्हणजे नुसती धावाधाव. देशी जोडी ठरली, साडेआठ हजारांच्या घरातली. मी खरेदीच्या किमतीत देईन, बिल दाखवीन असं कबूल केलं आणि तसं केलं. तरी धुळ्याच्या एकाने हसत विचारलंच, “अण्णा, चौदा जोड्या एका झटक्यात?” हसण्यावारी नेलं. झोप मात्र उशिरा लागली.

भुसावळचा पोरगा त्या मतदानात तिसऱ्या सूचनेच्या बाजूने होता. स्वतःहून वर केलेला हात.

४८२१ आणि ३०२४

फेब्रुवारीत जोड्या वाटल्या. माझ्याकडे ताज्या मालाच्या नऊ होत्या, पाच घाऊकवाल्याकडून मागवल्या. जो आधी आला त्याने आधी उचलल्या.

टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. धुळ्याच्याने मोबाइलची बत्ती मारून आपला वाचला: ४८२१. शेजारी सावद्याचा: ३०२४. एक २०२१ च्या नोव्हेंबरअखेरचा, दुसरा २०२४ च्या जुलैचा. नाव तेच, नक्षी तीच, किंमत तीच. पण पहिल्याने आमच्याकडच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तीन उन्हाळे काढलेले. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा त्या पत्र्याखाली काय होत असेल ते तिथे हमाली करणाऱ्यालाच विचारा. रबर वयाने कडक होतं, उष्णतेने आणखी लवकर. नखाने दाबून पाहिलं तरी कळत होतं. नव्यात नख किंचित रुतायचं, जुन्यावरून घसरायचं.

“मी काय शिळा भात खाऊ?” धुळ्याचा म्हणाला. पाचोऱ्याचा त्याच्या मागे उभा, त्याला तर दोन्ही जुने आलेले. धुळ्याच्याला अहिराणीत दुसऱ्या एकाने सुनावलं, “मन्हा टायर गोटा व्हई गया, तरी मी चालाडस. तुन्हा तं नवा शे!”

चूक माझी होती, धंद्यातला माणूस असून. रस्त्यावरच्या वापराला तीन वर्षांचा टायर काही वाईट नसतो, गिऱ्हाइकाला मी तो निर्धास्त विकतो. पण सारखेपणाचं नाव घेऊन टायर वाटायचे तर एकाच आठवड्याचे हवेत, आणि कुणाला कुठला हे तपासनीसाने ठरवता कामा नये. त्या दिवशी काही करता आलं नाही. जुन्या जोडीवाल्या पाचांपैकी चार जण शेवटच्या पाचात आले. याचा अर्थ काढायला जाऊ नये, कारण त्यांतले तीन एरवीही शेवटच्या पाचातच असतात.

भुसावळच्याला ताजी जोडी मिळाली होती. तो दुसरा आला, सावद्याच्यापेक्षा फेरीमागे सेकंदाने मागे. टायर सारखे झाले तरी सेकंदभर उरलाच. सावद्याकडचे म्हणाले, बघा, हात आहे हात. मलाही तसंच वाटलं.

हवा

२ मार्च २०२५ ला थायलंडच्या बुरिरामला मोटोजीपीचा नवा मोसम सुरू झाला. मार्क मार्केझ पुढे होता आणि मधेच त्याने धाकट्या भावाला, अॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. शर्यतीचा मोठा भाग तो त्याच्या मागे राहिला आणि शेवटच्या काही फेऱ्यांत पुढे जाऊन जिंकला. कारण नंतर कळलं. पुढच्या टायरमधली हवा ठरलेल्या किमान दाबाखाली होती आणि दुसऱ्याच्या मागे गरम हवेत राहिलं की टायर तापून दाब वाढतो. दाब कमी राहिला तर शिक्षा असते. २०२४ ला हेरेझच्या छोट्या शर्यतीत फॅबिओ क्वार्टारारोचं तिसरं स्थान त्यातच गेलं होतं. सोमवारी दुकानात सगळे हेच बोलत होते, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की आम्ही टायरचं नाव पाहिलं, तारीख पाहिली, पण आत काय भरलंय ते कधीच पाहिलं नाही.

गणित सोपं आहे. तीस अंशांवर २८ पीएसआय भरलेली हवा, टायर साठ अंशांला पोचला की ३२ च्या आसपास जाते. दाब चढला की टायर फुगतो, जमिनीला टेकणारा तळहाताएवढा भाग आणखी लहान होतो, आणि वळणात तोच तर आपला सगळा आधार. भारतात २०२३ ला बुद्धवर मोटोजीपी झाली तेव्हा मिशेलिनने उष्णतेसाठी मागचा टायर कडक बांधणीचा आणला होता, आणि उकाड्यापायी शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली होती. तो सप्टेंबर होता. आमचं एप्रिल.

मार्चच्या रविवारी भुसावळचा आला नाही. संध्याकाळी फोन केला. आधी म्हणाला ताप आहे. मग थोडं थांबून म्हणाला, “अण्णा, खरं सांगू? आधी मी हारत होतो, आता येताच येत नाही.”

फोड अशी होती. मऊ जोडी साडेआठ हजारांची, मित्राकडून घेऊन भरलेले. ती घालून पार्सलं वाटली तर त्याच्या हिशेबाने मागचा तीन महिने पुरतो. महिनाभरातच मधून सपाट व्हायला लागलेला. न वाटावीत तर दर रविवारी जुना टायर काढा, मऊ घाला, संध्याकाळी पुन्हा उलटं करा. दुसरी रिम घ्यायची ऐपत नाही, माझ्याकडे फुकट करून घ्यायला लाज वाटते. आणि नियमात एकच जोडी, तीन रविवार, बदली नाही. सावद्याच्याला काही अडचण नव्हती. त्याची रेसची गाडी वेगळी, शेतात जायची वेगळी. उलट पूर्वी पाच टायर लागायचे तिथे आता दोनच, त्याचा खर्च कमी झाला. पाचोऱ्याच्या पोरांना अर्ध्या किमतीतले टायर मिळायचे बंद झाले. म्हणजे आमच्या सारखेपणाने श्रीमंताचे पैसे वाचवले आणि तिघा गरिबांचे वाढवले.

शेवटच्या रविवारची चाचणी

मार्चच्या शेवटी शर्यत नसलेल्या रविवारी मी चौघांना बोलावलं: सावदा, भुसावळ, धुळे आणि वकीलसाहेब. पेट्रोल माझं. ताज्या मालाच्या दोन जाती घेतल्या, एक आमची ठरलेली मऊ, दुसरी गाडीसोबत येते तशी कडक, जोडी साडेपाच हजारांच्या आसपासची. दोन्हींच्या बाजूंवरची नावं काळ्या चिकटपट्टीने झाकली. नक्षी थोडी वेगळी होती, पण गाडीवर बसल्यावर नक्षी कुणाला दिसत नाही.

आधी हवा मोजली. भुसावळच्याच्या मागच्या टायरला तीन मीटर लावले. माझ्या दुकानातला, सावद्याच्याचा पेनसारखा आणि धुळ्याच्याच्या हवेच्या पंपावरचा. एकच टायर, एकच मिनिट. २८, ३१, ३३. चौघे एकमेकांकडे पाहत राहिले. वकीलसाहेब म्हणाले, “तीन साक्षीदार, तीन जबान्या.” मग कळलं की भुसावळचा पेट्रोल पंपावर हवा भरतो ती पाठीमागे ओझं असल्याच्या हिशेबाने, कारण ओझं असतंच. रविवारी ओझं उतरायचं, हवा तशीच राहायची. सावद्याचा घरून पहाटे स्वतः मोजून कमी करून यायचा. त्याने हे लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

पाच-पाच फेऱ्यांची सरासरी घेतली. भुसावळचा, त्याच्या जुन्या टायरवर, नेहमीच्या हवेत: ५८.७. तोच टायर, हवा उतरवून: ५८.२. नवा कडक: ५७.९. नवा मऊ: ५७.५. सावद्याचा कडकवर ५७.७, मऊवर ५७.३. घड्याळ मोबाइलचं, दाबणारा अंगठा माझा, तेव्हा दशांशाचा मान राखावा, त्यावर जीव टाकू नये. पण जानेवारीतल्या त्या १.४ सेकंदांची फोड आता समोर होती. हवेचा अर्धा, नव्या-जुन्याचा तीन दशांश, मऊ-कडकचा चार, आणि पोरापोरातला फरक दोन. आम्ही तीन महिने भांडलो ते त्या चार दशांशांवर. सर्वांत मोठा तुकडा फुकटचा होता, तो एका मीटरने मिटत होता. फेब्रुवारीत उरलेला सेकंदही मग समजला. त्या दिवशीही ओझ्याचीच हवा होती आणि नव्या मऊ रबरावर विश्वास टाकायला त्याला दहा फेऱ्या पुरल्या नव्हत्या.

वकीलसाहेब उतरून म्हणाले, “हा मऊ होता. काय पकड आहे!” चिकटपट्टी काढली. कडक निघाला. त्यानंतर त्यांनी दोन दिवस दाखले दिले नाहीत.

दुपारी एकला, ४१ अंशांत, पुन्हा उतरवले. मऊ टायरच्या डाव्या खांद्यावर, आमची सात वळणं डावी म्हणून, बाराव्या फेरीपर्यंत रबराचे बोळे वळायला लागले, खोडरबर घासल्यासारखे. सावद्याचा ५८.१ वर आला. कडक मात्र ५७.९ च्या आजूबाजूला टिकून राहिला. जानेवारीच्या थंडीत निवडलेला टायर एप्रिलमध्ये ना वेगाचा होता ना टिकायचा. वकीलसाहेबांच्या वजनाखाली तर त्याची दहा फेऱ्यांत चाळण झाली. त्यांचं म्हणणं, हलक्या पोरांना टायर तापत नाही आणि मला गार राहत नाही, मग सारखा टायर कुणाला सारखा? याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. वजन मोजून शिसं बांधायचं का, हा पुढच्या वर्षीचा तंटा.

एप्रिलसाठी काय केलं

बैठक यावेळी माझ्या दुकानात, भरिताशिवाय. ठरलं ते असं. टायर कडक जातीचा, जो भुसावळच्यासारख्याला सोमवारीही चालेल. चौदा जोड्या एकाच आठवड्याच्या, जमिनीवर ओळीने मांडायच्या, चिठ्ठ्या शेजारच्या चहावाल्याच्या मुलीने काढायच्या. ज्यांना मऊ जोडी परत द्यायची असेल त्यांची मी अर्ध्या किमतीत घेईन. यात मला भुर्दंड बसला, पण फेब्रुवारीत शिळा माल वाटला होता, त्याची भरपाई समजून गप्प बसलो. हवा शर्यतीआधी क्लबच्या एकाच मीटरने, सगळ्यांसमोर, आकडा मोठ्याने वाचून. मीटर खोटा असला तर सगळ्यांना सारखाच खोटा. प्रत्येकाला हवा तेवढी कमी-जास्त करायची मुभा, फक्त आकडा फळ्यावर लिहायचा. सावद्याच्याने स्वतःचे आकडे आधी लिहिले, न सांगता. सुरुवात सकाळी साडेसहाला. आणि टायरची तपासणी माझ्याकडून काढून पाचोऱ्याच्या एका शिक्षकांकडे दिली. हे मीच मागितलं.

दोघे सोडून गेले. त्यांतला एक म्हणाला, “अण्णा, हे रेसिंग नाही, आरटीओचं पासिंग आहे.” त्याचा मुद्दा मला अगदीच फेटाळता येत नाही. टायर निवडणं, त्याचा अंदाज बांधणं, त्यात चुकणं ही शर्यतीचीच मजा आहे आणि ती आम्ही कापून टाकली. ज्याला ती मजा हवी त्याने ती का सोडावी? पण त्या मजेचं बिल कोण भरतं, हे पाहिल्यावर मी मत बदललं. क्लबमध्ये नियम बरोबर आहे की नाही ते मी आता गेटवर पाहतो, रविवारी सकाळी किती गाड्या आत येतात त्यावर.

एप्रिलमध्ये बारा आल्या. सावद्याचा पुन्हा पहिला, भुसावळचा दुसरा, फेरीमागे तीन दशांशांनी. शेवटच्या डाव्या वळणावर भुसावळचा आतून घुसला होता, वजनकाट्याच्या काँक्रीटवर मागचं चाक किंचित सुटलं आणि त्याने ॲक्सिलरेटर सोडला. धुळ्याचा केळीच्या खोडात गेला, कपड्यावर डाग घेऊन हसत उठला.

साडेनऊला ऊन चढलं. भुसावळच्याने नंबर प्लेटवरची चिकटपट्टी काढली, आरसे बसवले. मग पार्सलची पिशवी पाठीमागे बांधून पुन्हा क्लबच्या मीटरपाशी आला. मागच्या टायरमध्ये ओझ्याची हवा भरून घेतली, आकडा सवयीने मोठ्याने वाचला, आणि भुसावळच्या रस्त्याला लागला.